सूर्य गेल्यानंतरची बावीस मिनिटं : तैलरंगात तिन्हीसांजा कशा उतरवायच्या

सूर्य डोंगराआड गेला की घाटावर बसलेली माणसं कपडे झटकून उठतात. बघण्यासारखं संपलं, असं त्यांना वाटतं. निसर्गचित्र करणाऱ्याचं काम मात्र तिथून सुरू होतं. बिंब दिसत असतं तोवर डोळे दिपलेले असतात आणि बाकी सगळं नुसतं काळं दिसतं. बिंब गेलं की पाच-सात मिनिटांत आभाळ निवतं, डोंगरांच्या रांगा एकीमागून एक सुट्या होतात, नदीचं पाणी आभाळाचा रंग धरतं आणि कुठून तरी चुलीचा धूर येऊन झाडांच्या कमरेला अडकून राहतो.

या वेळेला आपल्याकडे कितीतरी नावं आहेत. संधिप्रकाश, कातरवेळ, दिवेलागण, तिन्हीसांजा. मला त्यातलं सर्वांत जवळचं वाटतं ते ‘गोरज’, कारण ते थेट हवेबद्दल बोलतं : घरी परतणाऱ्या गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ. संध्याकाळच्या चित्रात रंगवायची असते ती हीच धूळ, धूर आणि दमट हवा. डोंगर आणि झाडं त्या हवेतून जेवढी दिसतील तेवढीच.

सोयीसाठी एकच जागा धरू या. वाईजवळचा मेणवलीचा घाट, कृष्णेचं पाणी, दिवस थंडीचे. या दिवसांत सूर्य नैर्ऋत्येला, पाचगणीच्या बाजूच्या डोंगरांमागे उतरतो. तैलरंगाचं सामान घेऊन तुम्ही पायऱ्यांवर बसला आहात.

पहिली अडचण वेळेची. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतच्या प्रकाशात दिव्याशिवाय बऱ्यापैकी दिसतं. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरतो, त्यामुळे हा काळ जेमतेम बावीस-तेवीस मिनिटांचा असतो. लंडनमध्ये जूनमध्ये सूर्य तिरका घसरत जातो आणि हाच काळ पाऊण तासापर्यंत लांबतो. युरोपातल्या चित्रकारांच्या पद्धती वाचताना हे लक्षात ठेवायला हवं, कारण त्यांच्या संध्याकाळी आपल्यापेक्षा लांब होत्या. या बावीस मिनिटांत उजेड किती उतरतो? निरभ्र आभाळ असेल तर सूर्यास्ताला जमिनीवर साधारण चारशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो, आणि शेवटी उरतो तीन-चार लक्स. म्हणजे शंभर पटींनी कमी. डोळा हा बदल सांभाळून घेतो म्हणून आपल्याला तो एवढा मोठा वाटत नाही. कॅनव्हासला मात्र असं सांभाळून घेता येत नाही.

म्हणून जागेवर बसून पूर्ण चित्र करण्याचा हट्ट धरू नये. पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराच्या पुठ्ठ्यावर पाच-सहा रंगांचे ठोकळे लावावेत, बाजूला पेन्सिलने दोन शब्द टिपावेत आणि उरलेला वेळ नुसतं बघावं. व्हिसलर या चित्रकाराने १८७०च्या दशकात थेम्स नदीच्या रात्रीची चित्रं केली, ती अशीच. तो नदीकडे टक लावून बघायचा, मग पाठ फिरवून सोबत्याला समोर काय काय होतं ते पाठ म्हणून दाखवायचा, आणि रंगवायचा दुसऱ्या दिवशी. हा सराव कुणालाही करता येतो आणि मी तो मनापासून सुचवते. डोंगर आभाळापेक्षा किती गडद होता? पाणी आभाळाएवढंच उजळ होतं की थोडं कमी? उत्तरं तोंडाने म्हणायची. ज्याचं उत्तर देता आलं नाही, तेवढंच पुन्हा वळून बघायचं.

आभाळात काय चाललेलं असतं

सूर्य खाली गेला की त्याचा प्रकाश हवेच्या फार लांब थरातून तिरका येतो. वाटेत निळा भाग विखरून जातो आणि क्षितिजाशी पिवळा-तांबूस उरतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण मग डोक्यावरचं आभाळ त्या वेळी इतकं गर्द निळं का असतं? नुसत्या विखुरण्याच्या हिशेबाने ते फिकट पिवळट-करडं व्हायला हवं होतं. तिथे उंचावरचा ओझोन कामाला येतो. तिरक्या प्रकाशातला नारिंगी-तांबडा भाग तो शोषून घेतो आणि निळा पुढे जाऊ देतो. म्हणून कातरवेळेचं निळं दुपारच्या निळ्यासारखं नसतं, त्याला जांभळ्याकडे झुकणारी खोली असते. रंग घोळताना हा फरक उपयोगी पडतो.

एकदा तरी सूर्यास्ताकडे पाठ करून पूर्वेला बघा. क्षितिजावर पाटीच्या रंगाचा करडा-निळा पट्टा वर चढताना दिसेल आणि त्याच्या वर फिकट गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली आपल्याच पृथ्वीची सावली. पश्चिमेचं भडक आभाळ सगळे रंगवतात. मला पूर्वेचं जास्त आवडतं, आणि नवख्याला ते जमतंही लवकर, कारण तिथे भडक रंगाचा मोह नसतो.

आता डोळ्यात काय होतं ते बघू. अंगणात जास्वंद असेल तर हा प्रयोग घरीच करता येईल. दुपारी हिरव्या पानांत ते लाल फूल किती उठून दिसतं. दिवेलागणीला त्याच झाडासमोर उभं राहा. पानं अजून करडी-हिरवी ओळखू येतात आणि फूल मात्र त्यांच्यापेक्षा काळं झालेलं असतं. शेजारची तगर फिकट निळसर उजळून निघालेली असते. उजेड कमी झाला की डोळ्याच्या पडद्यावरच्या वेगळ्या पेशी काम हातात घेतात. त्यांना तांबडा रंग जवळजवळ दिसत नाही, निळा-हिरवा चांगला दिसतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं. चित्रात याचा अर्थ सरळ आहे : घाटावर लाल लुगडं नेसलेली बाई असेल तर तिन्हीसांजेला ते लुगडं लाल रंगवायचं नाही. किरमिजीकडे झुकणारा गडद तपकिरी लावला की बघणारा स्वतःच त्याला लाल समजतो.

उजेड शेजाऱ्यामुळे दिसतो

या सगळ्या विषयाचा गाभा माझ्या मते इथे आहे, म्हणून जरा थांबते.

ट्यूबमधला सर्वांत उजळ पांढरा त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे नव्वद टक्के परत पाठवतो. सर्वांत गडद काळा तीन-चार टक्के. म्हणजे आपल्या हातात फार तर पंचवीस-तीस पटींचा फरक आहे. समोर मात्र क्षितिजाजवळचं आभाळ आणि वडाच्या ढोलीतला अंधार यांत शेकडो पटींचा फरक असतो. जे दिसतंय ते जसंच्या तसं उतरवणं शक्यच नाही. शक्य आहे ते एवढंच : कोण कोणापेक्षा किती गडद, ही नाती जपायची.

सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र अनेकांनी म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात पाहिलं असेल. हातात दिवा धरून उभी असलेली बाई, एका हाताने ज्योत झाकलेली. चित्र जलरंगातलं आहे, संध्याकाळच्या देखाव्याचंही नाही, पण उजेड कसा तयार होतो ते त्यात स्वच्छ दिसतं. तिच्या बोटांमधून प्रकाश पाझरल्यासारखा वाटतो, कारण भोवतालचं सगळं दबक्या सुरात ठेवलेलं आहे. तिथला रंग वेगळा काढून पांढऱ्या कागदावर लावला तर तो साधा तांबूस-पिवळा ठिपका दिसेल.

घाटाच्या चित्रासाठी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नऊ पायऱ्या मनात धरा. काळा एक, पांढरा नऊ. क्षितिजालगतचं आभाळ आठ. माथ्यावरचं सहा. सर्वांत दूरची रांग पाच, मधली चार, पलीकडच्या काठावरची झाडं तीन, आणि अलीकडच्या पायऱ्यांच्या सांदीतला अंधार दोन. एक आणि नऊ वापरायचेच नाहीत. पाणी आभाळाचंच घेतं, पण आभाळापेक्षा किंचित गडद. दूरचं पाणी आपण तिरकं बघतो म्हणून ते आरशासारखं उजळ दिसतं, आणि पायाजवळच्या पाण्यात नजर आत उतरते म्हणून ते काळसर होतं. झाडांचं प्रतिबिंब मात्र खऱ्या झाडापेक्षा अर्धी पायरी फिकट असतं. एवढं पाळलं तरी पाणी आडवं पसरतं. नाही पाळलं तर ते भिंतीसारखं उभं दिसतं.

यात बहुतेकांची चूक क्षितिजाजवळच होते. तिथे केशरी दिसतं म्हणून ट्यूबमधला कॅडमियम ऑरेंज जसाच्या तसा लावला जातो. तो रंग आहे झणझणीत, पण उजळपणात तो सहा-सातच्या आसपास असतो, आठ नाही. परिणामी आभाळ तापलेलं दिसतं, उजळलेलं दिसत नाही. खरा रंग म्हणजे भरपूर पांढरा, थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि त्यात मोहरीएवढं केशरी. पॅलेटवर तो सायीसारखा मिळमिळीत दिसेल. पण त्याच्या शेजारी निळसर करडा डोंगर बसला की तोच पेटतो.

करडा रंग घोळताना

माझ्या पॅलेटवर संध्याकाळसाठी सहाच रंग असतात : टायटेनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम ऑरेंज, परमनंट रोझ, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गर्द निळा). ट्यूबमधला काळा मी घेत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर सारख्या प्रमाणात घोळले की काळ्याच्या अगदी जवळचा रंग होतो, आणि त्याला हवं तिकडे वळवता येतं. निळा चिमूटभर जास्त घातला तर थंड, अंबर जास्त झाला तर ऊबदार. त्यात पांढरा मिसळत गेलं की करड्यांची आख्खी मालिका मिळते. ब्रशने न घोळता पॅलेट नाइफने, म्हणजे रंग घोळायच्या बोथट सुरीने, घोळा आणि घोळ पूर्ण एकजीव करू नका. किंचित निळी, किंचित गुलाबी शीर राहिली तर लावल्यावर तो करडा श्वास घेतो.

क्षितिजाचा पिवळा आणि माथ्याचा निळा थेट एकमेकांत ओढले तर मध्ये हिरवट पट्टा तयार होतो. खऱ्या आभाळातही तिथे हिरव्याची हलकी झाक असते, पण रंगात ती चटकन पोपटी होते. मध्ये पूल म्हणून गुलाबी-करडा घाला : पांढरा, जरासा रोझ, जरासा तो काळसर घोळ. पिवळ्याकडून गुलाबीकडे आणि गुलाबीकडून निळ्याकडे जायचं. आडवे-तिडवे छोटे फटकारे मारून शेवटी कोरड्या मऊ ब्रशने अलगद पुसायचं, आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश फडक्याला टेकवायचा.

धूर

आता या चित्रातली सर्वांत सुंदर गोष्ट. थंडीत संध्याकाळी जमिनीलगतची हवा लवकर गार होते आणि वरची अजून ऊबदार असते. त्यामुळे चुलीचा, शेकोटीचा धूर वर जाऊ शकत नाही. तो थोडा चढतो, अडतो आणि चादरीसारखा आडवा पसरतो. डोंगराचा माथा स्पष्ट, पाय पुसलेले, अशी कातरवेळेची ओळख असते ती त्यामुळे. नवखे चित्रकार डोंगर खाली जास्त गडद करतात, कारण जमीन जड असते असं मन सांगतं. प्रत्यक्षात पायथ्याशी हवा दाट असते, म्हणून तिथे डोंगर अर्धी-एक पायरी फिकट होतो.

त्या धुराकडे नीट बघा. काळ्या झाडीसमोर असेल तोवर तो निळा दिसतो. तोच जरा वर जाऊन उजळ आभाळासमोर आला की मातकट तपकिरी होतो. धूर तोच आहे. लिओनार्दो दा विंचीनेही पाचशे वर्षांपूर्वी हे टिपून ठेवलं होतं. धुराचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. मागे अंधार असेल तर तो विखुरलेला निळाच डोळ्यापर्यंत येतो, मागे उजेड असेल तर निळा गाळून उरलेला पिवळट भाग येतो.

आणि आता तैलरंगाची गंमत. गडद, पूर्ण वाळलेल्या थरावर पांढऱ्याचा अगदी पातळ, विरळ हात फिरवला की तोही निळसर दिसतो, त्यात निळा एक थेंबही नसताना. कारण तेच. तेलात पसरलेले पांढऱ्याचे कण आणि हवेत पसरलेले धुराचे कण एकच काम करतात. म्हणजे धूर रंगवताना आपण त्याची नक्कल करत नाही. आपण कॅनव्हासवर खरोखर एक छोटा धूर तयार करतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत जुन्या पुठ्ठ्यांवर काळ्या पट्ट्या वाळवून त्यांवर पांढरा ओढत बसले होते.

कृती अशी. झाडीचा थर पूर्ण वाळू द्या. जुना, केस पसरलेला ब्रश घ्या. त्यावर पांढरा आणि कणभर अंबर यांचा फिकट घोळ घ्या, आणि तो जवळजवळ सगळा फडक्यावर पुसून टाका. ब्रश रिकामा वाटला की तो तयार झाला. मग कॅनव्हासला जेमतेम स्पर्श करत आडवा फिरवा. चित्रकार याला स्कंबलिंग म्हणतात. रंग विणीच्या उंचवट्यांवर बसतो, खाचांतून खालचा गडद दिसत राहतो. पहिल्या हातात काहीच झालं नाही असं वाटेल. तिसऱ्या-चौथ्या हातात झाडांचे बुंधे विरायला लागतात. जास्त झाला तर लगेच स्वच्छ फडक्याने पुसा, खालचा थर वाळलेला असल्याने त्याला धक्का लागत नाही.

थर आणि धीर

यासाठीच चित्र दोन-तीन आठवड्यांत पसरावं लागतं. कॅनव्हासवर आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा हलका हात द्या. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग खोटा गडद वाटतो. त्यावर मोठे ठोकळे, तेही पातळच. मग वरचे थर, ज्यांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढत जाईल. हा नियम शोभेचा नाही. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. कमी तेलाचा थर लवकर घट्ट होतो, जास्त तेलाचा हळू आणि बराच काळ हलत राहतो. हलणाऱ्या थरावर ताठ थर बसवला तर वरचा तडकतो. अंबर लवकर वाळतो म्हणून तळाला चांगला. टायटेनियम व्हाइट रेंगाळतो. पावसाळ्यात सगळंच रेंगाळतं आणि कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते, तेव्हा चित्र भिंतीपासून दोन बोटं दूर उभं करा.

लवकर गडदपणा मिळावा म्हणून आडवाटा घेऊ नयेत. रशियातल्या कुइंजी या चित्रकाराने १८८०मध्ये नीपर नदीवरच्या चांदण्या रात्रीचं एकच चित्र सेंट पीटर्सबर्गमध्ये अंधाऱ्या केलेल्या दालनात मांडलं. मागे दिवा ठेवला आहे का, म्हणून लोकांनी चित्रामागे डोकावून पाहिलं असं सांगतात. पुढे ते चित्र बरंच काळवंडलं, आणि त्याचं कारण त्याने वापरलेले डांबरी रंग मानलं जातं. डांबराचा तपकिरी ताजा असताना मोहक दिसतो, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कचऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते, बोळ्यात ती कोंडते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी.

जागेवर काम करताना शेवटची दहा मिनिटं दिवा लागतो, तेव्हा पांढरा दिवा घ्या. मी एकदा पिवळ्या बॅटरीच्या उजेडात क्षितिज पूर्ण केलं. पिवळ्या उजेडात पिवळा आणि पांढरा सारखेच दिसतात, म्हणून मी ऑकर आणि केशरी वाढवत गेले. सकाळी खिडकीत धरलं तर आभाळ हळदीसारखं झालं होतं. त्या आठवड्याचं सगळं खरवडून काढावं लागलं.

कडांबद्दल एकच सांगते. संपूर्ण चित्रात धारदार कड एकाच ठिकाणी ठेवा. मेणवलीच्या चित्रात मी ती देवळाच्या शिखराला देते, जिथे ते आभाळाला भिडतं. बाकी सगळ्या कडा ओल्या असतानाच बोटाने किंवा मऊ ब्रशने हलवायच्या. काठ आणि पाणी जिथे मिळतात ती रेघ तर काही जागी पूर्ण हरवू द्यायची.

सगळं झालं, धूर बसला, पाणी आडवं झालं की शेवटी दिवा. पलीकडच्या काठावरच्या कुठल्या तरी घराचा. तिथला गडद थर वाळलेला हवा. बारीक ब्रशच्या टोकावर कॅडमियम ऑरेंज आणि त्यात थोडा पांढरा घ्यायचा. सगळ्या चित्रात हा रंग एवढा शुद्ध इथे पहिल्यांदाच येतो. तांदळाच्या दाण्याएवढा एक ठिपका ठेवायचा, ब्रश उचलायचा. खाली पाण्यात त्याच सरळ रेषेत तोच रंग, करडा मिसळून मंद केलेला, दोन आडव्या तुटक रेघांत. मग पाच पावलं मागे जाऊन बघायचं. दिवा लागला असेल, तर भोवतालच्या रंगांना आता हात लावायचा नाही.